मधला आकडा

ठोकळ्याला ठोकळा का म्हणतात, हे त्याला एकदा पाहिल्यावर कुणाला विचारावं लागत नसे. उंचीला बेताचा, रुंदीला दाराएवढा, आणि मान कुठे संपते नि खांदे कुठे सुरू होतात ते त्याचं त्याला ठाऊक. एकोणिसाव्या वर्षी त्याला रग्बीच्या मोठ्या संघानं एका हंगामाच्या करारावर घेतलं. तेही राखीव गड्यांत. हंगाम संपायच्या आत जागा पक्की करायची, नाही तर बापासारखं फरशा बसवायला लागायचं, एवढं सरळ होतं.

त्याची जागा हूकरची. स्क्रममध्ये दोन्हीकडचे आठ-आठ गडी खांदे भिडवून रेटतात, तेव्हा पहिल्या रांगेच्या मधोमध जो अडकलेला असतो तो हूकर. पण ठोकळ्याचं नाव होतं ते कडेच्या रेघेवरच्या कामासाठी. चेंडू मैदानाबाहेर गेला की दोन्ही संघ शेजारी शेजारी रांगा लावतात आणि हूकर रेघेबाहेर उभा राहून, दोन्ही हातांनी डोक्यावरून, चेंडू त्या दोन रांगांच्या बरोबर मधून फेकतो. आपल्या एका गड्याला दोघं जण मांड्यांना धरून वर उचलतात आणि तो हवेतल्या हवेत झेलतो. कुणाला उचलणार हे दुसऱ्यांना कळू नये म्हणून आकड्यांची खूण असते. या संघातला सगळ्यात उंच गडी, ज्याला सगळे शिडी म्हणत, तो तीन आकडे ओरडायचा. त्यातला मधला आकडा खरा, बाकी दोन थापा. दोन म्हणजे पुढचा गडी, चार म्हणजे मधला, सहा म्हणजे मागचा. खूण दर हंगामाला बदलायची. गेल्या हंगामात शेवटचा आकडा खरा होता. आणि ठोकळा लहानपणापासून ज्या पोरांच्या संघात खेळला, तिथे कायम पहिला.

सरळ फेकायला त्याला बापानं शिकवलं. बाप रग्बी कधी खेळला नव्हता, नियमही त्याला अर्धेमुर्धेच कळत. पण चाळीस वर्षं गुडघ्यांवर बसून फरशा बसवलेला माणूस. वाकडं काय नि सरळ काय हे त्याला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. घराच्या मागच्या बोळात त्यानं खिळा ठोकून ओळंबा, म्हणजे टोकाला वजन बांधलेली दोरी, सोडला होता. पोरानं दुसऱ्या टोकाला उभं राहून चेंडू असा फेकायचा की दोरीला वारा लागावा, धक्का लागू नये. बाप पालथ्या घमेल्यावर बसून बघायचा. दोरी हलली की "हलली," एवढंच म्हणायचा. शाबासकी कधी दिली नाही. नुसता गप्प बसला म्हणजे फेक चांगली.

संघात ठोकळ्याच्या जागेवर अण्णा होते. अण्णा चौतिशीचे. कान फुलकोबीसारखे झालेले, नाक दोनदा मोडून दोन्हीदा वेगळ्या बाजूला बसलेलं. खरं तर या पोरामुळे आपली जागा जाईल म्हणून त्यांनी त्याला पाण्यात पाहायचं, पण अण्णांनी पहिल्याच दिवशी त्याला आपल्या शेजारचा खण दिला.

"इथे ठेव बूट. माझी जागा घ्यायची असेल तर वास कसा येतो तेही माहीत पाहिजे."

अण्णा मनगटाला पांढरी पट्टी बांधत आणि तिच्यावर पेनानं खुणा लिहून ठेवत. ठोकळ्यानं विचारलं तेव्हा म्हणाले, "जे मनगटावर मावतं ते डोक्यात कशाला भरायचं? डोकं काय, धडका द्यायला आहे." सगळे हसले. ठोकळाही हसला.

हंगामाच्या आधी प्रत्येक गड्याची डोक्याची परीक्षा होते. डॉक्टरबाई दहा शब्द वाचून दाखवतात, ते परत म्हणायचे. आकडे उलटे सांगायचे, महिने डिसेंबरपासून मागे म्हणायचे, डोळे मिटून एका पायावर उभं राहायचं. जे येईल ते कागदावर लिहून ठेवतात. पुढे कधी सामन्यात डोक्याला मार बसला की पुन्हा तेच विचारतात आणि आधीच्या कागदाशी ताडून बघतात. आधीपेक्षा कमी आलं तर गडी बाहेर. बरोबरीचं आलं तर परत आत.

परीक्षेच्या सकाळी अण्णांनी त्याला बाजूला घेतलं.

"हुशारी दाखवायला जाऊ नकोस."

"म्हणजे?"

"म्हणजे आज दहाच्या दहा सांगितलेस, तर डोकं आपटल्यावर दहा कुठून आणशील? पाच सांग. फार तर सहा. महिन्यांत ऑगस्टपाशी जरा अडखळ."

"ऑगस्टच का?"

"मी ऑक्टोबरपाशी अडखळतो. सगळे एकाच महिन्याला अडखळले तर बाईंना संशय येईल."

शिडी तिथेच बूट बांधत होता. "माझा मार्च," तो म्हणाला. "नऊ महिने नीट म्हणायचे नि मग ठेचकाळायचं. काम अवघड आहे बाबा."

ठोकळ्याला वाटलं, ही इथली रीतच दिसते. नव्या घरी गेल्यावर तिथली माणसं करतात तसं करावं. तो आत गेला. बाईंनी दहा शब्द वाचले. दहाच्या दहा त्याच्या डोक्यात खिळ्यांसारखे बसले होते. सुई, आरसा, घोडा, वाळू, पूल, आणि पुढचे पाच. त्यानं पाच सांगितले आणि कपाळाला आठ्या घालून छताकडे पाहिलं. ऑगस्टपाशी अडखळला. बाईंनी तसंच लिहून घेतलं. बाहेर आल्यावर अण्णांनी पाठीवर थाप मारली, आणि ठोकळ्याला आपण या घरातले झालो असं वाटलं.

सहाव्या सामन्यात अण्णांच्या मांडीचा स्नायू फाटला. चार आठवडे घरी. ठोकळ्याच्या नशिबानं दार उघडलं ते असं. पहिल्या तीन सामन्यांत त्यानं एकूण एकतीस फेकी केल्या आणि एकोणतीस आपल्या गड्यांच्या हातात पडल्या. प्रशिक्षक सर बोलायला कंजूष, तेसुद्धा बसमध्ये मागे वळून म्हणाले, "असंच चालू दे. मग पुढच्या वर्षाचं बोलू." ठोकळ्यानं हे घरी सांगितलं. बाप गप्प बसला.

चौथ्या सामन्यात, उत्तरार्ध सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता. समोरचा एक गडी चेंडू घेऊन सुसाट आला, ठोकळा खाली वाकून त्याच्या पायांत शिरला आणि त्या गड्याचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. आवाज फारसा झाला नाही. ठोकळा लगेच उठलाही. पण उठून तो दोन पावलं चुकीच्या बाजूला चालला. तेवढं डॉक्टरबाईंनी पाहिलं. त्यांनी हात वर केला आणि त्याला बाहेर घेतलं. राखीव गडी आत गेला. परीक्षेला बारा मिनिटं.

खोली लहान होती. एक पलंग, एक खुर्ची, भिंतीवर घड्याळ. दिव्याचा उजेड ठोकळ्याला डोळ्यांत टोचत होता, पण ते त्यानं सांगितलं नाही. बाईंनी नव्या यादीतले दहा शब्द वाचले.

"सांग."

ठोकळ्यानं तोंड उघडलं. या वेळी त्याला काही लपवायचं नव्हतं. सगळे सांगायचे आणि पळत मैदानात जायचं, एवढंच मनात होतं. त्यानं एक सांगितला, दुसरा सांगितला. चार झाले. पाचवा जरा वेळानं आला. सहावा त्यानं अंधारात हात घालून काढावा तसा काढला. आणि मग काही नव्हतं. झाडून घेतलेल्या खोलीसारखं सगळं रिकामं.

"अजून?"

"एवढेच."

बाईंनी जुना कागद काढला. बोट फिरवलं. "तेव्हा पाच होते, आज सहा." महिने म्हणायला लावले. तो ऑगस्टपाशी अडखळला आणि या वेळी मुद्दाम नाही. त्यांनी तिथेही बोट ठेवलं. "हेही तसंच होतं. चक्कर येतेय?"

"नाही."

"उलटीसारखं वाटतंय?"

"नाही."

बाईंनी त्याच्या डोळ्यांत बॅटरी टाकून पाहिलं, सरळ रेघेवर चालवलं. मन मानत नसावं, कारण त्या कागद हातात धरून जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या. पण कागदावर जे होतं ते होतं. "जा," त्या म्हणाल्या.

ठोकळा बोगद्यातून मैदानाकडे पळत सुटला. आपण सगळा जीव लावून सहा सांगितले, हे या जगात फक्त त्याला माहीत होतं. बाईंच्या लेखी तो आधीपेक्षा एक शब्द हुशार झाला होता.

सामना संपायला पंधरा मिनिटं उरली होती आणि त्याचा संघ तीन गुणांनी पुढे होता. चेंडू बाहेर गेला तो त्यांच्याच गोलरेषेपासून पाच पावलांवर. इथे फेक चुकली तर समोरचे चेंडू घेऊन सरळ रेषेपलीकडे पडणार आणि पाच गुण नेणार. शिडी ओरडला, "दोन-सहा-चार."

ठोकळ्यानं चेंडू डोक्यामागे नेला. कोपर आत, नजर दोन रांगांमधल्या फटीवर, जणू तिथे ओळंबा सोडलेला आहे. फेक इतकी सरळ गेली की दोरीला नुसता वारा लागावा. पण ती पुढच्या गड्याच्या डोक्यावर गेली आणि त्याला कुणीच उचललेलं नव्हतं. मागचा गडी हवेत हात पसरून तसाच टांगलेला राहिला. समोरच्या उंच माणसानं चेंडू आयता घेतला आणि तीन श्वासांत तो रेषेपलीकडे होता.

शिडी चालत आला. रागावला नव्हता, चेहऱ्यावर नुसतं नवल होतं.

"कुठे टाकलास?"

"तू सांगितलंस तिथे. पुढे."

"मी सहा म्हणालो."

"आधी दोन म्हणालास."

शिडीनं त्याच्याकडे पाहिलं, आणि मग काय वाटलं कोण जाणे, मान फिरवली. पुढची फेक ठोकळ्यानं पुन्हा पहिल्या आकड्यावर टाकली. सरांनी त्याला बाहेर बोलावलं. सामना दोन गुणांनी गेला. कपडे बदलायच्या खोलीत सर म्हणाले, "घाबरलास. दडपण आलं की हात गळतात नव्या पोरांचे. मंगळवारी सगळे गेल्यावर थांब आणि दोनशे फेकी कर." कुणाच्या मनात डोक्याचा विचारही आला नाही. येणार कसा? डोकं तर परीक्षेत पास झालं होतं.

रविवारी सकाळी बोळात ओळंबा सोडलेला होता. बाप घमेल्यावर बसला होता. सामना त्यानं शेजाऱ्यांकडे टीव्हीवर पाहिला होता. ठोकळ्यानं दहा फेकी केल्या. दोरी एकदाही हलली नाही. पण प्रत्येक फेकीनंतर तो भिंतीला हात टेकून उभा राहत होता.

"दूध आणलं का?" त्यानं विचारलं.

"आणलं."

आणखी चार फेकी झाल्या. "बाबा, दूध आणलं का?"

बाप उठायला लागला. उठायला त्याला वेळ लागायचा. भिंत धरून, एक गुडघा, मग दुसरा. तो पोराजवळ आला आणि त्याच्या हातातून चेंडू काढून घेतला.

"फेक काल पण सरळ होती," तो म्हणाला. "सरळ फेकणारा माणूस चुकीच्या जागी सरळ फेकतो म्हणजे हाताची चूक नाही. त्या खोलीत काय विचारलं तुला?"

ठोकळ्यानं आधी टोलवाटोलवी केली. मग खाली बसून सगळं सांगितलं. पाच शब्द, ऑगस्ट, अण्णा, सहा शब्द. बाप ऐकत होता आणि ओळंब्याची दोरी बोटाला गुंडाळत होता.

"मी नवीन लागलो होतो कामाला," बाप म्हणाला. "एका मोठ्या खोलीची फरशी होती. आधी पाणसळ लावून भिंतीवर चौफेर एका पातळीत रेघ मारतात, तिच्यावरून सगळं मोजायचं. एका कोपऱ्यात माझी माती जरा कमी भरली होती. परत भरायचा कंटाळा, वर मुकादम ओरडेल ही भीती. मी काय केलं, त्या कोपऱ्यात रेघच बोटभर खाली मारली. फरशी रेघेला तंतोतंत. मुकादमानं पाठ थोपटली."

"मग?"

"दोन वर्षांनी तिथे पाणी साचायला लागलं. जमीन खचली की मुळातच तशी होती, कुणाला सांगता येईना. खचली असेल तर खालून खणायला हवं, नसेल तर नुसती फरशी उचलायची. मला विचारलं. मी म्हणालो, रेघ बघा, बरोबर आहे." बापानं दोरी सोडली. "त्यांनी अर्धी खोली खणली. मी उभा राहून बघत होतो."

ठोकळा म्हणाला, "सांगितलं तर माझी जागा जाईल."

"जाईल."

"आणि अण्णांचं? शिडीचं?"

"त्यांचं त्यांनी सांगावं. तू तुझ्या कोपऱ्याचं सांग." आणि घमेलं उचलून आत जाता जाता म्हणाला, "दूध आणलंय. तिसऱ्यांदा विचारू नकोस."

सोमवारी सकाळी ठोकळा डॉक्टरबाईंच्या दारात उभा राहिला. त्यांनी मान वर केली तेव्हा पाठ केलेलं सगळं वाक्य त्याच्या डोक्यातून गेलं होतं.

"पहिले पाच खोटे होते," तो म्हणाला.

"कसले पाच?"

"शब्द. मला दहाही येत होते. मुद्दाम सांगितले नाहीत. परवाचे सहा मात्र खरे आहेत."

बाई उठल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. "कुणी सांगितलं होतं तसं करायला?"

ठोकळा जमिनीकडे बघत राहिला. बाईंनी पुन्हा विचारलं नाही. त्यांनी कपाटातून जाडजूड फाइल काढली. अडतीस गड्यांचे अडतीस कागद. त्या एकेक कागद उलटत गेल्या, आणि ठोकळ्याला दिसत होतं की त्यांचं बोट प्रत्येक ठिकाणी महिन्यांच्या ओळीवर थांबतंय. चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला. त्यांनी फाइल मिटली.

"मी तुला परत आत पाठवलं," त्या म्हणाल्या. "दुसरा मार बसला असता तर?"

"मला वाटलं—"

"तुला काय वाटलं ते नको सांगूस. उजेड टोचतोय का?"

"हो."

"शनिवारपासून?"

"हो."

त्यांनी पडदा ओढला. मग त्याला समजावून सांगितलं. नेहमीच्या गड्याला जुन्या आकड्यापर्यंत परत आला की खेळायला सोडतात. त्याचा जुना आकडाच नव्हता. दहा येत होते हे तो आज म्हणतो. आज त्याच्या डोक्याला मार बसलेला आहे, आणि कागदावर त्याची सही पाचाखाली आहे. मोठ्या डॉक्टरांना दाखवावं लागेल, आणखी तपासण्या होतील, आणि तोवर चेंडूला हात लावायचा नाही. किती दिवस ते बाईंना सांगता येईना. हंगामाचे नऊ आठवडे उरले होते.

"बरा झालो हे कळणार कसं मग?" ठोकळ्यानं विचारलं.

"तेच तर." बाईंनी नवा कागद घेतला. वर तारीख घातली. "आता इथून मोजायला सुरुवात. बस नीट. जेवढे येतील तेवढे सांग, आणि देवाशपथ, अडखळायचं असेल तर खरंच अडखळ."

त्यांनी दहा शब्द वाचले. ठोकळ्यानं डोळे मिटून सात सांगितले. बाईंनी सात लिहिले.

बाहेर बाकावर अण्णा बसले होते. मांडी बरी होऊन आजपासून त्यांचा सराव सुरू होणार होता. सरांनी ठोकळ्याला सामन्यातून बाहेर काढल्याचं त्यांना कळलं होतं, दार बंद असलेलंही त्यांनी पाहिलं होतं.

"माझं नाव घेतलंस?"

"नाही, अण्णा."

"घेतलं असतंस तरी..." अण्णांनी वाक्य तिथेच सोडलं. बुटाची नाडी सोडून परत बांधली. "किती आले?"

"सात."

"सात चांगले आहेत की रे." आणि मग खालच्या आवाजात, जणू बुटाशी बोलताहेत, "परीक्षेच्या दिवशी मला खरंच पाचच्या वर आठवलेच नव्हते. मी तुला सांगितलं ते सगळ्यांना सांगतो. म्हणजे सगळ्यांचे पाच दिसतात."

तेवढ्यात शिट्टी वाजली आणि अण्णा उठून मैदानाकडे गेले. त्यांच्या मनगटावर आज पट्टी नव्हती. चार आठवड्यांनी आले होते, विसरले असतील.

ठोकळा भिंतीच्या सावलीत उभा राहिला. उन्हात डोळे उघडवत नव्हते, पण कानांना काही झालं नव्हतं. कडेच्या रेघेवर रांग लागली. अण्णांनी चेंडू डोक्यामागे नेला. शिडीचा आवाज आला, "सहा-दोन-चार."

सहा, ठोकळ्याच्या मनात आधी आलं. त्यानं दात आवळले आणि पुन्हा सुरुवातीपासून म्हटलं. पहिला नाही. मधला. मधला दोन. दोन म्हणजे पुढचा. हे बरोबर आहे की नाही याची त्याला खात्री वाटेना, म्हणून त्यानं डोळ्यांवर हात धरून रांगेकडे पाहिलं.

चेंडू पुढच्या गड्याच्या बोटांवरून निघून गेला आणि मधल्या जागेवर, जिथे कुणीच वर उचललेलं नव्हतं, तिथे जाऊन गवतावर पडला.

म्हणजे आपलंच चुकलं, असं ठोकळ्याला वाटलं. मग त्यानं पाहिलं की पुढचा गडी अजून दोघांच्या हातांवर उंच उभा आहे, हात पसरलेले, रिकामे. शिडी कमरेवर हात ठेवून अण्णांकडे बघत होता. चार. शेवटचा आकडा. गेल्या हंगामाची खूण.

"अण्णा," शिडी म्हणाला, "कुठे टाकलीत?"

अण्णा आपल्या उघड्या मनगटाकडे बघत होते. मग त्यांनी मान वर केली. आधी भिंतीपाशी उभ्या असलेल्या ठोकळ्याकडे पाहिलं, आणि मग त्याच्या मागच्या, डॉक्टरबाईंच्या दाराकडे. ठोकळा दारासमोरून बाजूला सरला.